चंद्रावर गेलेले घड्याळ आणि पाठीवरचा नंबर

आमच्या कोकणात पूर्वी माणसाच्या मनगटाकडे पाहिले की तो कुठे नोकरीला होता ते ओळखता यायचे. मुंबईच्या गोदीत किंवा जहाजावर उमर घालवलेल्या आजोबांकडे वेस्ट एंड किंवा फेवर ल्युबा असायचे. शाळामास्तर, तलाठी, एसटीतले कंडक्टर यांच्याकडे एचएमटी. पुढे मस्कत, कुवेत, दुबईचे दरवाजे उघडले तेव्हा सीको आणि सिटिझन आले, आणि ज्याची नोकरी जरा बरी त्याच्या हातावर राडो आले. सुट्टीवर येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत अत्तराच्या बाटल्यांबरोबर कुणासाठी तरी एक घड्याळ असायचेच. ते मग वीस-पंचवीस वर्षे चालायचे. पट्टा बदलायचा, काच बदलायची, घड्याळ तेच.

आता मुलांच्या तोंडी वेगळी नावे आहेत. 'क्रोनोग्राफ', 'लिमिटेड एडिशन', 'एवढ्यांपैकी अमुक नंबर'. मोबाईलवरच्या छोट्या छोट्या व्हिडिओंतून ही भाषा घराघरांत आली आहे. गेल्या दोन वर्षांत मी निकाहच्या बोलणीतही ती ऐकली. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, घड्याळाची कारागीर नाही. पण कतारला नोकरी करणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याने मला फोटो पाठवून विचारले, 'मॅडम, हे घेऊ का?' आणि किंमत पाहून मी खुर्चीवर सावरून बसले. त्या निमित्ताने महिनाभर जे वाचले ते इथे मांडते. ते घड्याळ होते ओमेगा कंपनीचे स्पीडमास्टर, आणि या सगळ्या वेडाचे मूळ समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण मला सापडले नाही.

आधी क्रोनोग्राफ म्हणजे काय ते पाहू. ज्या घड्याळात नेहमीच्या वेळेबरोबर एक स्टॉपवॉचही बसवलेले असते ते क्रोनोग्राफ. बाजूला दोन बटणे असतात. वरचे दाबले की मधला लांब काटा धावू लागतो, पुन्हा दाबले की थांबतो, आणि खालचे दाबले की झटक्यात शून्यावर येतो. तबकडीवर जी तीन छोटी वर्तुळे दिसतात त्यांतले एक मोजलेली मिनिटे दाखवते, एक तास, आणि तिसऱ्यात घड्याळाचा नेहमीचा सेकंदकाटा फिरत असतो.

नावाचा अर्थ ग्रीक भाषेतून येतो, 'काळ लिहिणारा'. पॅरिसच्या निकोला रियुसेक नावाच्या कारागिराने १८२१ मध्ये घोड्यांच्या शर्यतीत एक पेटी आणली होती. घोडा रेषा ओलांडायचा तेव्हा बटण दाबले की ती फिरत्या तबकडीवर शाईचा थेंब टाकायची. म्हणजे अक्षरशः काळ लिहिला जायचा. पुढे २०१३ मध्ये लुई मोआने याने १८१६ मध्येच आकाशातले ग्रह-तारे पाहण्यासाठी बनवलेले असेच एक यंत्र उजेडात आले, त्यामुळे पहिलेपणाचा मान त्याच्याकडे गेला. पण नाव चिकटले ते शाईवाल्या पेटीमुळेच.

आतली रचना पाहिली की मात्र माझ्यासारख्या अनाडी बाईलाही कौतुक वाटते. नेहमीचे घड्याळ चालू असताना त्याच्या चाकाला दुसरे चाक अलगद जोडायचे आणि पुन्हा सोडवायचे, तेही पहिल्याची चाल न बिघडवता. हे काम सांभाळायला जुन्या पद्धतीच्या यंत्रात एक छोटे उभे चाक असते, किल्ल्याच्या बुरुजासारखे खाचा असलेले. बटण दाबले की ते एक घर पुढे सरकते, कुठली तरी पट्टी खाचेत पडते, कुठली वर उचलली जाते. शून्यावर आणण्याची युक्ती तर अजून गोड आहे. काट्याच्या मुळाशी हृदयाच्या आकाराचा एक तुकडा असतो. त्यावर हातोडीसारखी पट्टी येऊन दाबली की तो तुकडा ज्या स्थितीत असेल तिथून घरंगळत खोलगट भागावरच येऊन थांबतो, आणि काटा बरोबर बारावर. विजेचा थेंबही नाही, सगळे स्प्रिंगच्या ताणावर.

तबकडीच्या कडेला जे आकडे असतात (५००, ४००, ३००, २४० असे उतरत जाणारे) ते शोभेचे नाहीत. त्याला टॅकीमीटर म्हणतात. महामार्गावर एका किलोमीटरच्या दगडाजवळ बटण दाबा, पुढच्या दगडाजवळ थांबवा. पंचेचाळीस सेकंद लागले असतील तर काटा ८० वर असेल, म्हणजे गाडीचा वेग ताशी ८० किलोमीटर. ३६०० भागिले ४५, सातवीचे गणित. ज्यांच्याकडे असे घड्याळ आहे त्यांतल्या किती जणांनी ते एकदा तरी करून पाहिले आहे, हे विचारण्याची माझी फार इच्छा आहे.

ओमेगाने स्पीडमास्टर १९५७ मध्ये काढले ते मोटारशर्यतीतल्या चालकांसाठी. नावच तसे आहे. अंतराळाशी त्याचा काही संबंध नव्हता. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये वॉली शिरा हा अमेरिकन अंतराळवीर पृथ्वीभोवती फेऱ्या मारायला गेला तेव्हा त्याने आपले स्वतःचे स्पीडमास्टर हातावर बांधून नेले. सरकारने दिलेले नव्हे, स्वतः घेतलेले. पुढे नासाला सर्व वीरांसाठी घड्याळ हवे होते, म्हणून काही कंपन्यांकडून क्रोनोग्राफ मागवले आणि त्यांचे अक्षरशः हाल केले. ७१ अंश सेल्सिअसला दोन दिवस भाजले, मग त्याहून वर ९३ अंशाला अर्धा तास. उणे १८ अंशाला चार तास गोठवले. हवा काढून घेतलेल्या पेटीत ठेवले, दमट हवेत दहा दिवस ठेवले, आपटले, हलवले, कर्कश आवाजात ठेवले. शेवटी एकच टिकले. १ मार्च १९६५ रोजी स्पीडमास्टरला मान्यता मिळाली आणि तीन महिन्यांनी, जूनमध्ये, एड व्हाइट यानाबाहेर तरंगत गेला तेव्हा ते त्याच्या हातावर होते.

जुलै १९६९. चंद्रावर पहिले पाऊल ठेवताना नील आर्मस्ट्राँगच्या हातावर हे घड्याळ नव्हते हे फार थोड्यांना माहीत असते. चांद्रयानातले मोजणीचे घड्याळ बंद पडले होते म्हणून त्याने आपले घड्याळ आत ठेवले होते. मागून उतरलेल्या बझ ऑल्ड्रिनने ते जाड पोशाखावरून लांब पट्ट्याने बांधले होते. म्हणून चंद्रावर वापरलेले पहिले मनगटी घड्याळ ऑल्ड्रिनचे.

पण मला विचाराल तर या घड्याळाची खरी गोष्ट चंद्रावरची नाही, परतीच्या वाटेवरची आहे. ११ एप्रिल १९७० ला अपोलो १३ निघाले. सुमारे छप्पन्न तासांनी त्यातली प्राणवायूची टाकी फुटली. चंद्रावर उतरणे राहिले बाजूला, तिघांना जिवंत परत कसे आणायचे हा प्रश्न उभा राहिला. वीज वाचवायची म्हणून संगणक बंद, मोजणीची यंत्रे बंद, आत थंडी. परत येताना यानाची दिशा किंचित चुकत होती. इंजिन चौदा सेकंद चालवले तर ती सुधारणार होती. कमी चालले किंवा जास्त चालले तर पृथ्वीच्या हवेत शिरण्याचा कोन बिघडणार होता. लॉव्हेलने खिडकीतून पृथ्वीवरच्या उजेड-अंधाराची रेषा पाहून यान धरले, हेझने साथ दिली आणि स्वायगर्टने मनगटावरच्या स्पीडमास्टरवर सेकंद मोजले. १७ एप्रिलला तिघे सुखरूप समुद्रात उतरले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये अंतराळवीरांनी ओमेगाला आपला खास पुरस्कार दिला. 'पीनट्स' या चित्रमालिकेतल्या स्नूपी कुत्र्याची चांदीची छोटी पिन. माझ्या विद्यार्थ्याने पाठवलेल्या फोटोत तबकडीवर जो कुत्रा होता तो हाच.

आता इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. शिराचे, ऑल्ड्रिनचे, स्वायगर्टचे, यांपैकी एकही घड्याळ 'लिमिटेड एडिशन' नव्हते. कुणीही दुकानातून घ्यावे असे ते रोजचे मॉडेल होते. काच तर काचही नव्हती, कठीण प्लास्टिकची होती, कारण यानात खऱ्या काचेचे तुकडे तरंगू लागले तर डोळ्यांत जातील. चरे पडले तर पॉलिश लावून घासायचे.

मग नंबर कुठून आला? तर चंद्रावरून परतल्यावर. २५ नोव्हेंबर १९६९ ला ह्यूस्टन शहरात अंतराळवीरांसाठी मेजवानी झाली आणि ओमेगाने त्यांना सोन्याचे स्पीडमास्टर भेट दिले. अशी एकूण १०१४ घड्याळे बनवली गेली आणि प्रत्येकावर क्रमांक. पहिला क्रमांक राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्यासाठी, दुसरा उपाध्यक्ष स्पिरो ॲग्न्यू यांच्यासाठी राखला होता. दोघांनाही ते घेता आले नाही. सरकारी पदावरच्या माणसाने एवढी महाग भेट घेणे नियमात बसत नव्हते, म्हणून ती परत गेली. पुढचे काही क्रमांक अंतराळवीरांचे, आणि उरलेली घड्याळे लोकांना विकली. मला यातली गंमत अशी वाटते की जे घड्याळ चंद्रावर गेले त्यावर नंबर नव्हता, आणि ज्यावर नंबर होता ते मेजवानीच्या टेबलापर्यंत गेले.

त्या मेजवानीला बरोबर एक महिना झाला आणि २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सीकोने ॲस्ट्रॉन नावाचे घड्याळ बाजारात आणले. त्यात स्प्रिंगऐवजी बॅटरी आणि क्वार्ट्झचा स्फटिक होता. महिन्याला फार तर पाच सेकंदांचा फरक. उत्तम स्विस घड्याळही एका दिवसात तेवढा फरक दाखवू शकते. ॲस्ट्रॉनची किंमत तेव्हा साडेचार लाख येन, म्हणजे एका छोट्या मोटारीएवढी होती. पण पुढच्या दहा वर्षांत क्वार्ट्झ इतके स्वस्त झाले की रस्त्यावर टोपलीत मांडून विकले जाऊ लागले. स्वित्झर्लंडमध्ये घड्याळाच्या धंद्यात १९७० च्या सुमारास नव्वद हजारांच्या आसपास माणसे होती, पंधरा-सोळा वर्षांत त्यांतली एक तृतीयांशच उरली. गावेच्या गावे बेकार झाली. या बुडत्या धंद्याला सावरणाऱ्यांत निकोलस हायेक यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. हे गृहस्थ बैरूतमध्ये जन्मलेले. त्यांनी एकीकडे स्वॉच नावाचे स्वस्त, रंगीत, प्लास्टिकचे घड्याळ लोकप्रिय केले आणि त्याच समूहात ओमेगासारखी जुनी नावे जपली.

जपायची म्हणजे कशी? वेळ दाखवण्यात तर जपान जिंकला होता. आता तर प्रत्येकाच्या खिशातला मोबाईल सेकंदासेकंदाला बिनचूक आहे. मग चावीच्या घड्याळाकडे विकायला उरले काय? कारागिरी उरली, आणि गोष्ट उरली. कारागिरी सगळ्यांना दिसत नाही, गोष्ट सगळ्यांना कळते. आणि गोष्टीत वाटेकरी जेवढे थोडे तेवढी ती आपली वाटते. लिमिटेड एडिशन म्हणजे त्या गोष्टीचे मोजून केलेले वाटे.

हे वाटे किती हुशारीने मोजतात ते पाहा. २००३ मध्ये स्नूपीचे चित्र असलेले पहिले स्पीडमास्टर निघाले, नग ५४४१. हा आकडा का? अपोलो १३ चा प्रवास १४२ तास, ५४ मिनिटे आणि ४१ सेकंदांचा होता. २०१५ मध्ये दुसरे निघाले, नग १९७०, कारण वर्ष १९७०. त्याच्या पांढऱ्या तबकडीवर शून्य ते चौदा सेकंदांच्या दरम्यान बारीक अक्षरांत एक प्रश्न छापलेला आहे, त्याचा अर्थ, 'चौदा सेकंदांत तुम्ही काय करू शकाल?' अंधारात झोपलेला स्नूपी चमकतो. २०१९ मध्ये चंद्रावरच्या पावलाला पन्नास वर्षे झाली तेव्हा पोलादी घड्याळे काढली ६९६९, आणि सोन्याची पुन्हा १०१४. एकही आकडा उगीच ठेवलेला नाही. पाच हजारांचा गोल आकडा असता तर तो कारखान्याचा वाटला असता. ५४४१ म्हटले की माणूस विचारतो 'असे का?', आणि दुकानदाराला गोष्ट सांगायला मिळते.

खरे सांगायचे तर त्या चौदा सेकंदांच्या प्रश्नाने मीही थबकले. हे घड्याळ बनवणाऱ्याने विचार केला आहे, हे मान्य करावे लागते. ज्याला हे आवडते त्याला मूर्ख म्हणणे सोपे आहे, पण बरोबर नाही. आपल्या घरात आजोबांची घडीची पेटी, अम्मीचा पानदान आपण जपतोच. त्यातही गोष्टच असते. फरक इतकाच की ती गोष्ट आपल्याच घरात घडलेली असते. इथे दुसऱ्याच्या घरातली गोष्ट विकत मिळते.

आणि दुर्मिळपणा घडवता येतो हे सर्वांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले ते मार्च २०२२ मध्ये. ओमेगा आणि स्वॉच यांनी मिळून 'मूनस्वॉच' काढले. दिसायला स्पीडमास्टर, पण आत साधे क्वार्ट्झ, अंग प्लास्टिक आणि सिरॅमिकच्या मिश्रणाचे, किंमत २६० डॉलर. ते लिमिटेड एडिशन नाही असे कंपनीने सांगितले होते, म्हणजे कितीही बनवता येणार होते. पण विकले फक्त निवडक दुकानांत. लंडनपासून सिंगापूरपर्यंत रात्रभर रांगा लागल्या, गर्दी आवरेना म्हणून काही दुकाने बंद करावी लागली, आणि त्याच दिवशी ती घड्याळे कितीतरी पट किमतीला पुन्हा विकायला निघाली. वस्तू थोडी नव्हती, दरवाजा अरुंद होता.

माझ्या विद्यार्थ्याकडे परत येते. त्याचा पगार मी इथे लिहीत नाही, पण साधे स्पीडमास्टर आज आपल्याकडे सहा लाखांच्या वर जाते. २०१५ चे स्नूपीवाले निघाले तेव्हा सात हजार डॉलरच्या आसपास होते, आता जुन्या बाजारात त्याची किंमत त्याच्या कित्येक पट झाली आहे. त्याने मला दोन कारणे दिली. एक, आवडते. दुसरे, 'मॅडम, ही इन्व्हेस्टमेंट आहे.' मी त्याला म्हटले, बाळा, या दोन कारणांचे एकमेकांशी पटत नाही. आवडते म्हणून घेशील तर घालशील, घालशील तर चरा पडेल, पॉलिश होईल, आणि बाजारात चरा पडलेल्या घड्याळाला कमी भाव. विकायचे म्हणून घेशील तर डब्यात ठेवशील, डबा आणि कागदपत्रे जपशील, वरची प्लास्टिकची पापुद्र्यासारखी पट्टीसुद्धा काढणार नाहीस. मग आवडण्याचे काय झाले?

आपल्याकडे जकातीचा हिशेब करताना हाच प्रश्न येतो. वापरायच्या घड्याळावर सामान्यतः जकात धरत नाहीत. विकून नफा कमवायच्या नियतीने घेतले तर तो व्यापारी माल झाला, त्याच्या किमतीवर अडीच टक्के आले. सोन्याचे असेल तर पुरुषाने घालण्याचाच प्रश्न उभा राहतो. बारकावे आपापल्या आलिमांना विचारावेत, तो माझा अधिकार नाही. पण 'घालायला की विकायला' हे स्वतःशी ठरवावे लागते, तिथे दोन्ही म्हणून चालत नाही. त्या मुलाला मी इतकेच विचारले. तो बराच वेळ गप्प होता.

इन्व्हेस्टमेंटची बाजूही पूर्ण सांगायला हवी. कोरोनाच्या काळात अशा घड्याळांचे जुन्या बाजारातले भाव खूप चढले, २०२२ च्या वसंतानंतर ते उतरू लागले. चढताना ज्यांनी व्हिडिओ केले त्यांनी उतरताना केले नाहीत. चावीच्या क्रोनोग्राफला पाच ते आठ वर्षांनी उघडून साफ करून तेल घालावे लागते, आणि त्याचे बिल हजारांत येते. आपल्या तालुक्याच्या गावातल्या घड्याळजीला ते उघडू देऊ नका, तोही बिचारा हात लावणार नाही. शिवाय गल्फमधून हातावर घालून आणलेले महाग घड्याळ कस्टममध्ये जाहीर करावे लागते. 'हातात आहे म्हणजे वापरातले' ही समजूत अनेकांना महाग पडली आहे.

आणि लिलावातल्या करोडोंच्या बातम्या? त्या खऱ्या आहेत, पण नीट वाचाव्यात. अभिनेता पॉल न्यूमन याचे रोलेक्स डेटोना २०१७ मध्ये न्यूयॉर्कला १ कोटी ७७ लाख डॉलरच्या वर गेले. ते लिमिटेड एडिशन नव्हते. उलट त्या तबकडीचे डेटोना तेव्हा दुकानात पडून राहायचे. त्याच्या बायकोने पाठीमागे कोरून घेतले होते, 'गाडी जपून चालव, मी'. नवरा मोटारशर्यतीत भाग घ्यायचा, तिला काळजी वाटायची. डेव्ह स्कॉट १९७१ मध्ये अपोलो १५ मधून चंद्रावर गेला. तिथे त्याच्या ओमेगाची काच निघून आली, म्हणून शेवटच्या फेरीत त्याने आपले स्वतःचे बुलोव्हा बांधले. ते बुलोव्हा २०१५ मध्ये सोळा लाख डॉलरला विकले गेले. विकता आले कारण ते त्याचे खासगी होते. नासाने दिलेली ओमेगा सरकारची मालमत्ता आहेत, ती कुणाला विकता येत नाहीत. म्हणजे करोडो मिळाले ते कुणीतरी वापरलेल्या, कुणाच्या तरी आयुष्यात गेलेल्या घड्याळांना.

त्यातही डोळे उघडे ठेवावे लागतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात १९५७ सालच्या पहिल्या बनावटीचे एक स्पीडमास्टर एकतीस लाख स्विस फ्रँकच्या वर गेले. घेणारी होती खुद्द ओमेगा कंपनी, आपल्या संग्रहालयासाठी. दीड वर्षाने, २०२३ मध्ये, कंपनीनेच जाहीर केले की ते वेगवेगळ्या घड्याळांचे सुटे भाग जोडून तयार केलेले होते, आणि त्यात आपल्याच काही माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. ज्यांनी ते घड्याळ जगात आणले त्यांनाच ते ओळखता आले नाही. मग मोबाईलवर 'भाई, ओरिजिनल पीस आहे, बॉक्स-पेपरसकट' म्हणणाऱ्याच्या भरवशावर आपली मुले काय ओळखणार?

'फर्स्ट कॉपी' नावाचा प्रकार तर सगळीकडेच आहे. दोन हजारांत तोच कुत्रा, तीच तीन वर्तुळे. त्यांतल्या कित्येकांची ती छोटी वर्तुळे नुसती छापलेली असतात, काटे हलत नाहीत. मुलांना मी सांगते, साधे घड्याळ घाला, खोटे नको. पण त्यांचा राग मुलांवर काढण्यात अर्थ नाही. ही हौस त्यांना घराबाहेरून जेवढी आली तेवढीच घरातूनही आली आहे.

कारण सर्वांत जास्त खटकते ते निकाहच्या यादीत. नौशाला सासरकडून घड्याळ देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. एचएमटी दिले तरी लोक खूश असायचे, पुढे टायटन आले. आता आमच्या ओळखीतल्या एका घरी मुलाकडून फोटो आला. तोंडाने कुणी काही मागितले नाही, 'हे त्याला आवडते' एवढेच. मुलीच्या वडिलांनी पतपेढीतून उचल घेतली आणि नंबर असलेले, पाठीवर अमुक पैकी तमुक लिहिलेले एक घड्याळ दिले. स्पीडमास्टर नव्हे, त्याहून बरेच स्वस्त, पण त्यांच्या उत्पन्नाला भारी. वलीम्याला ते सगळ्यांनी हातात घेऊन पाहिले. हप्ते अजून चालू आहेत. मुलगी मला भेटली तेव्हा म्हणाली, 'टीचर, ते घड्याळ ते घालतच नाहीत. कपाटात आहे. चरा पडेल म्हणून.' तिच्या वडिलांच्या हातावर अजून जुने एचएमटी आहे, रोज सकाळी फजरनंतर ते त्याला चावी देतात. स्पीडमास्टरलाही रोज चावी द्यावी लागते, ही गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा ते हसले.

ऑल्ड्रिनच्या घड्याळाचे सांगायचे राहिले. आर्मस्ट्राँग आणि कॉलिन्स यांची घड्याळे वॉशिंग्टनच्या संग्रहालयाकडे आहेत. ऑल्ड्रिनचे, म्हणजे चंद्राच्या जमिनीवर खरोखर वापरले गेले ते, संग्रहालयाकडे पाठवताना वाटेत गहाळ झाले. तबकडीवरून पाहिले तर ते त्या काळच्या हजारो स्पीडमास्टरांसारखेच दिसेल. ते आजपर्यंत सापडलेले नाही.